‘आमच्या रक्तातच आहे’ म्हणून गप्प बसायचं का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून ३२ वर्षांच्या शेतकरी तरुणाचं पत्र आलं आहे. सहा एकर वावर, विहिरीवर मोटार. कापूस, तूर आणि रब्बीत हरभरा. घर माळकरी, दारूचा थेंबही नाही. पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी केली तर ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी निघाली. एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) ७८. उंची १६८ सेंटीमीटर, वजन ६८ किलो; ‘मी जाडा नाही’ असं ते लिहितात. वडील साखरेच्या आजारानं गेले. मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, लिव्हर सिरोसिसनं (लिव्हरवर व्रण पडून ते निकामी होणं) गेले, तेही न पिणारे. म्हणून घरच्यांनी ठरवूनच टाकलं आहे की हे खानदानी आहे. डॉक्टरांनी सॅरोग्लिटाझारची गोळी लिहून दिली होती. ‘ही गोळी जनुकांवर काम करते’ असं मोबाइलवर वाचलं आणि होणाऱ्या लेकरांमध्ये काही उतरेल या भीतीनं यांनी ती बंद केली. मित्रानं गुळवेलीचा काढा सुचवला आहे. पुढच्या महिन्यात साक्षगंध आहे. आई म्हणते, मुलीकडच्यांना सांगू नको, दारुडा समजतील. लग्न झालं की सून पथ्यपाणी बघेल. यांनी तेल-तूप बंद केलं आहे. चहा मात्र दिवसातून सात-आठ वेळा होतो, आणि रात्रीच्या लाइनवर ओलित असलं की दीड-दोनला वावरातच बिस्किटं किंवा चिवडा. ते विचारतात: सांगू की लपवू? गोळी घेऊ की नको? आणि रक्तातच असेल तर पथ्य करून उपयोग काय?

भाऊ,

तुमचे तीन प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण तिन्हींच्या बुडाशी एकच समजूत आहे: चरबी वडिलांकडून, मोठ्या बाबांकडून आली, आणि जे रक्तातून येतं ते बदलत नाही. आधी तिथूनच सुरुवात करू, कारण ही समजूत ढिली झाली की बाकीचं बरंचसं आपोआप सुटेल.

आपल्या विदर्भात ‘रक्तातला आजार’ म्हटलं की डोळ्यांपुढे सिकलसेल येतो. ते साहजिक आहे. आपल्याकडच्या कितीतरी कुटुंबांनी तो जवळून पाहिला आहे. हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसतं, आणि तेवढ्यानं तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. भाकर खाल्ली काय आणि पोळी खाल्ली काय, ते अक्षर बदलत नाही. आई-बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात २५ टक्के शक्यता बाळाला आजार होण्याची. हा हिशेब पक्का आहे. ‘खानदानी’ हा शब्द ऐकला की तुमच्या मनात हाच हिशेब येतो, आणि तोच तुम्ही लिव्हरच्या चरबीला लावलात. तो तिथे लागू होत नाही.

माणसाच्या पेशीत प्रथिनं बनवणारी साधारण २०,००० जनुकं आहेत. लिव्हरच्या पेशीत जी आहेत तीच कातडीच्या पेशीत आहेत, डोळ्यातही तीच. फरक पडतो तो त्यातली कोणती कधी कामाला लागतात यानं. आणि हे ठरवणारी वेगळी प्रथिनं असतात. ती डीएनएवर नेमक्या जागी जाऊन बसतात आणि शेजारचं जनुक चालू करतात किंवा थांबवतात. तुमच्या ओळखीचं उदाहरण द्यायचं तर ठिबकाचं घ्या. नळ्या एकदा अंथरल्या की त्या जागच्या हलत नाहीत. पण कोणत्या तासाला कोणता कॉक फिरवायचा हे रोज ठरतं, आणि पीक वाळणार की माजणार ते त्यावरच अवलंबून असतं. जनुकं म्हणजे त्या नळ्या. वडिलांकडून तुम्हाला त्या मिळाल्या. कॉक फिरवणारी प्रथिनं मात्र तुमच्या आजच्या ताटाकडे, भुकेकडे आणि घड्याळाकडे बघून काम करतात.

यातली काही प्रथिनं फार स्थिर असतात. एचएनएफ-४ अल्फा नावाचं एक आहे, ते लिव्हरच्या पेशीला लिव्हरची पेशी म्हणून टिकवून ठेवतं. त्याच्याच जनुकात दोष आला तर तरुणपणी येणारा एक खानदानी मधुमेह होतो, तो मात्र खराच खानदानी. पण असे लोक थोडे. तुमच्या बाबतीत आपल्याला बघायची आहेत ती तासातासाला बदलणारी प्रथिनं.

चहाचा एक कप पोटात गेला की काय होतं ते बघू. साखर रक्तात येते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. लिव्हरच्या पेशीत आतल्या पडद्याला चिकटून एसआरईबीपी-१सी नावाचं प्रथिन बसलेलं असतं. इन्सुलिनचा निरोप आला की ते तिथून निघतं, वाटेत कापलं जातं, आणि त्याचा मोकळा झालेला तुकडा पेशीच्या केंद्रकात जाऊन चरबी तयार करणाऱ्या जनुकांवर बसतो. ही कापाकापी अमेरिकेत डॅलसच्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेनं १९९० च्या दशकात उलगडली. या दोघांना कोलेस्टेरॉलवरच्या आधीच्या कामासाठी १९८५ साली नोबेल मिळालं होतं. दुसरं एक प्रथिन आहे, सीएचआरईबीपी. ते इन्सुलिनचीही वाट बघत नाही. पेशीत साखर वाढली की तेवढ्यावर जागं होतं आणि त्याच चरबीच्या जनुकांना जोर देतं. आपण चहात घालतो त्या साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो, आणि भरपूर साखर खाल्ली की त्यातला मोठा वाटा लिव्हरच्याच पदरात पडतो.

म्हणजे तेल-तूप बंद करून तुम्ही एक दार लावलंत, पण चरबी येत होती दुसऱ्याच दारानं. कपाला दोन चमचे धरले तर साधारण १० ग्रॅम साखर होते. आठ कप म्हणजे ८० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. लिव्हर तुमच्याकडच्या साखरेतूनच चरबी बनवतं. त्यासाठी त्याला वरून तूप लागत नाही.

आता उलट बाजू. रात्री जेवून आठ-दहा तास झाले की इन्सुलिन उतरतं आणि ग्लुकागॉन हा उलट काम करणारा हार्मोन चढतं. लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते, ती हळूहळू मोडू लागते. सीआरईबी आणि फॉक्सओ-१ ही प्रथिनं नवी साखर तयार करणारी जनुकं चालू करतात, म्हणजे मेंदूला उपाशी राहावं लागत नाही. आणि पीपीएआर-अल्फा नावाचं प्रथिन चरबी जाळणारी जनुकं चालू करतं. हे लिव्हरमधलं प्रथिन १९९० साली सापडलं. चरबीच्याच कणांना ते ओळखतं आणि त्यांनाच जाळायचं काम काढतं. पण त्याला मोकळा वेळ लागतो. दर दोन तासांनी गोड चहा आणि रात्री दोनला बिस्किटं, अशानं त्याची पाळीच येत नाही. तुमच्या लिव्हरला चरबी जाळता येत नाही असं नाही. जाळायला तुम्ही त्याला सवड देत नाही.

मग वडिलांची साखर, मोठ्या बाबांचं लिव्हर आणि तुमचा रिपोर्ट एका माळेत कसे आले? इथे जरा थांबू, कारण घरातलं हे कोडं तुम्हाला सगळ्यात जास्त छळतं आहे असं पत्रावरून दिसतं. निरोगी लिव्हरमध्ये इन्सुलिन एकाच वेळी दोन कामं करतं: फॉक्सओ-१ ला केंद्रकाच्या बाहेर काढून साखर बनवणं थांबवतं, आणि एसआरईबीपी-१सी ला आत पाठवून चरबी बनवणं वाढवतं. मधुमेहाच्या वाटेवर असलेल्या माणसात लिव्हर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं असं आपण म्हणतो. पण ते अर्धंच ऐकेनासं होतं. साखर थांबवण्याचा हुकूम ते मोडतं, चरबी बनवण्याचा मात्र पाळत राहतं. साखर उतरत नाही म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, आणि त्या जादा इन्सुलिनचं जे ऐकलं जातं ते नेमकं चरबीपुरतं. ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांनी २००८ साली हा उलटसुलट प्रकार मांडला. एका घरात एकाला साखर, दुसऱ्याला चरबी आणि तिसऱ्याला दोन्ही, हे कसं होतं ते यातून कळतं. तुमचे वडील आणि मोठे बाबा एकाच चुलीवरचं जेवले, एकाच विहिरीवर रात्रीचं ओलित केलं, एकाच पातेल्यातला चहा प्याले. खानदानात जनुकांबरोबर चूलही येते, हे मोजायला आपण विसरतो.

वारसा काहीच नाही असं मी म्हणत नाही. डॅलसच्याच हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांच्या गटानं २००८ मध्ये पीएनपीएलए-३ नावाच्या जनुकातला एक बदल दाखवला. तो ज्यांच्यात असतो त्यांच्या लिव्हरमध्ये चरबी जास्त साठते आणि पुढे नुकसानही लवकर होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी अंगात चरबी बाळगून असतो, आणि याची सुरुवात आईच्या पोटातच होते. ‘मी जाडा नाही’ या तुमच्या वाक्याचं उत्तर इथे आहे. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २४.१ येतो. आपल्या लोकांसाठी २३ च्या वर वजन जास्त धरतात. पोटाचा घेर बेंबीच्या पातळीवर टेप लावून मोजा. पुरुषांत ९० सेंटीमीटरच्या वर गेला तर चरबी आतल्या अवयवांभोवती आहे असं समजा. पण पीएनपीएलए-३ चा तो बदल असलेल्यांचीही लिव्हरची चरबी वजन उतरल्यावर उतरते. सिकलसेलचं अक्षर असं कशानं मागे हटत नाही. दोन्हींतला फरक एवढा मोठा आहे.

रात्रीच्या ओलिताबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मला तीच ओळ पत्रातली सगळ्यात महत्त्वाची वाटली. लिव्हरला स्वतःचं घड्याळ असतं, आणि ते घड्याळही क्लॉक, बीमॅल-१ अशा जनुकं चालवणाऱ्या प्रथिनांचंच बनलेलं असतं. शरीराच्या घड्याळाचं हे यंत्र उलगडणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. मेंदूचं घड्याळ उजेडावर चालतं, लिव्हरचं मात्र जेवणाच्या वेळेवर. २००० साली जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी उंदरांना त्यांच्या झोपेच्या वेळेतच खायला दिलं, तर त्यांच्या लिव्हरचं घड्याळ उलटं फिरलं आणि मेंदूचं तसंच राहिलं. एकाच शरीरात दोन वेळा. रात्री दोनला पंपाजवळ बसून चिवड्याची पुडी फोडता तेव्हा तुमच्या लिव्हरमध्ये काहीसं असंच होत असतं: मेंदू म्हणतो रात्र आहे, लिव्हर म्हणतं जेवण आलं, सकाळ झाली.

थ्री-फेज रात्रीची आली तर हरभरा वाळू द्या असं कोणी शहाणा सांगणार नाही, मीही नाही. पण वावरात जाणं आणि वावरात खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जायच्या आधी सात-साडेसातला पोटभर जेवा: ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण किंवा झुणका, अंबाडीची नाही तर कोणतीही हिरवी भाजी. थर्मासमध्ये साधं पाणी न्या. चहा हवाच असेल तर बिनसाखरेचा. फारच भूक लागली तर मूठभर फुटाणे. सकाळी आल्यावर लगेच न्याहारी न करता आधी झोप काढा. आणि मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत अर्ज केला नसेल तर करा. शेतकऱ्याला १० टक्के रक्कम भरावी लागते, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५ टक्के. दिवसा पाणी द्यायची सोय झाली तर तुमच्या पिकाबरोबर लिव्हरचंही भलं आहे.

माळकरी घर आहे म्हणून एकादशीचंही बोलते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे आपण एकमेकांना चिडवायला म्हणतो, पण साबुदाण्याची उसळ, बटाट्याचा कीस आणि वर गोड चहा असा उपास असेल तर लिव्हरच्या दृष्टीनं तो उपास नाहीच. साबुदाणा निव्वळ पिष्ट आहे. विठोबाला चालेल असा आणि पीपीएआर-अल्फालाही सवड देईल असा उपास म्हणजे दूध किंवा ताक, मूठभर शेंगदाणे, थोडी भगर, एखादं फळ. ज्यांना साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये. साखर एकदम उतरून चक्कर येते.

आता गोळी. सॅरोग्लिटाझार आपल्या देशातच, अहमदाबादच्या कंपनीनं शोधलेलं औषध आहे. २०१३ साली मधुमेह आणि रक्तातली चरबी एकत्र असलेल्यांसाठी त्याला मंजुरी मिळाली, २०२० मध्ये लिव्हरची चरबी आणि सूज यासाठी. ते पीपीएआर-अल्फा आणि त्याचं भावंड पीपीएआर-गॅमा या दोन प्रथिनांना जाऊन चिकटतं आणि त्यांना कामाला लावतं. मोबाइलवर वाचलेलं ‘जनुकांवर काम करते’ हे वाक्य त्या अर्थानं खरं आहे, पण ‘जनुकं बदलते’ असा त्याचा अर्थ होत नाही. डीएनएचं एकही अक्षर ती हलवत नाही. गोळी थांबवली की काही दिवसांत तिचा असर ओसरतो. तुमच्या लेकरांना तुमची जनुकं जातील, तुम्ही घेतलेली गोळी जाणार नाही. गावात कितीतरी बाया थायरॉइडची गोळी घेतात. थायरॉइडचा हार्मोनही पेशीत असाच एका जनुक-नियंत्रक प्रथिनावर जाऊन काम करतो. ड जीवनसत्त्वाचंही तेच. लिव्हरमधल्या थायरॉइडच्या त्याच प्रथिनावर बेतलेलं रेस्मेटिरोम नावाचं औषध २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेही लिव्हरच्या याच आजारासाठी.

म्हणून गोळी तुमच्या मनानं बंद करू नका आणि आता मनानं सुरूही करू नका. डॉक्टरांकडे जा, खरं काय झालं ते सांगा, आणि दोन गोष्टी विचारा: माझ्या लिव्हरला नुसती चरबी आहे की व्रणही पडले आहेत? आणि ही गोळी किती दिवस घ्यायची, कशावरून थांबवायची? पहिला प्रश्न फार मोलाचा आहे. सोनोग्राफीतला ‘ग्रेड २’ म्हणजे आजाराची दुसरी पायरी नव्हे. तो फक्त चरबी किती दिसते ते सांगतो. आत व्रण किती पडले हे त्यात कळत नाही, आणि पुढचं सगळं भविष्य व्रणांवर आहे. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून एफआयबी-४ नावाचा एक आकडा काढतात. पस्तिशीच्या पुढच्यांना तो चांगला उपयोगी पडतो, १.३ च्या खाली आला तर धोका कमी. तुमच्या वयाला तो तितका भरवशाचा नाही, म्हणून तुमच्यासाठी फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालं ते मोजणारी तपासणी) करायचा का ते विचारा.

आणखी एक तपासणी, जी तुमच्या पत्रात कुठेच नाही. मोठे बाबा न पिता सिरोसिसनं गेले, मग त्याचं कारण काय होतं हे कोणी शोधलं का? हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहून लिव्हर खराब करतात, आणि बी एकाच घरात एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, नवऱ्याकडून बायकोकडेही. दोन्हींची रक्ततपासणी करून घ्या. बी नसेल तर लस घ्या. तीन डोस, पहिला आज, दुसरा महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी. तुमच्या वयाच्या अनेकांना लहानपणी ही लस मिळालेली नाही. याबरोबर एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि रक्तातल्या चरबीची तपासणी. साखर आणि रक्तदाब तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. २०२१ पासून केंद्र सरकारनं फॅटी लिव्हरही त्याच कार्यक्रमात घेतलं आहे, तेव्हा तिथे जाऊन हा रिपोर्ट दाखवायला संकोच करू नका.

गुळवेलीचा काढा नको. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल प्यायली गेली, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी त्यानंतर लिव्हरला सूज आलेले रुग्ण नोंदवले, आणि मग देशातल्या इतर ठिकाणांहूनही तशाच नोंदी आल्या. लिव्हर ‘साफ’ करायची वस्तू नाही. ते स्वतःच साफसफाई करणारं आहे. कंबरदुखीवर बाजारात मिळणाऱ्या निनावी पुड्यांपासूनही दूर राहा. अशा पुड्यांमध्ये अनेकदा स्टिरॉइड सापडतं, आणि स्टिरॉइड लिव्हरमधल्या आणखी एका जनुक-नियंत्रक प्रथिनाला धरून साखर बनवणं वाढवतं. दोन दिवस अंग हलकं वाटतं, सहा महिन्यांनी साखर लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत किती जण अशा पुड्या खिशात घेऊन फिरतात हे तुम्हालाही माहीत आहे.

वजन किती उतरवायचं? शरीराच्या ५ टक्के उतरलं तर लिव्हरची चरबी कमी होते, ७ ते १० टक्क्यांनी सूजही उतरते. तुमच्यासाठी साडेतीन ते पावणेपाच किलो, सहा महिन्यांत. एवढंच. उपाशी राहून महिन्यात आठ किलो नको. फार झपाट्यानं वजन उतरलं तर लिव्हरला उलटा त्रास होतो. चहा दोन कपांवर आणा, साखर अर्धा चमचा. तेल-तूप पूर्ण बंद करायची गरज नव्हतीच, मोजून वापरा. कोल्ड्रिंक बंद. पाहुणा म्हणून गेलात की ‘ठंडा’ पुढे येतो, तेव्हा ताक मागा, कोणी वाईट मानत नाही. वावरातलं काम हा व्यायामच आहे, पण तो बारमाही नसतो. उन्हाळ्यात आणि पेरणी-वेचणीच्या मधल्या दिवसांत आठवड्याला निदान १५० मिनिटं झपाझप चाला. रात्रीच्या जेवणानंतर वेशीपर्यंत जाऊन आलात तरी स्नायू साखर ओढून घेतात आणि लिव्हरवरचा भार हलका होतो.

आता साक्षगंध. आईची भीती मी समजू शकते. न पिणाऱ्या माणसाला लिव्हरचा आजार म्हटलं की गाव लगेच दारूचा अर्थ लावतं, आणि एकदा नाव पडलं की पुसत नाही. पण लपवलं तर काय होईल? लग्नानंतर एक दिवस फाइल सापडेल, आणि तेव्हा आजाराहून मोठी गोष्ट होईल ती लपवल्याची. मुलीकडचे तेव्हाही दारूच म्हणतील, आणि तेव्हा तुमच्यावर विश्वास ठेवायला त्यांच्याकडे कारण उरलेलं नसेल. म्हणून साक्षगंधाच्या आधी सांगा. मध्यस्थामार्फत नको, तुम्ही स्वतः. जमलं तर आधी मुलीला, मग तिच्या वडिलांना. ‘मला लिव्हरमध्ये चरबी निघाली आहे, मी पीत नाही, डॉक्टरांचा रिपोर्ट हा, मी हे हे करतो आहे, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणार आहे’ एवढं सरळ पुरेसं आहे. कदाचित ते नकार देतील. तो नकार आज आला तर दुखेल, पण निभावता येईल. आणि हा आजार आपल्या देशात इतका सर्रास आहे की त्यांच्याच घरात कोणाला तरी तो असण्याची शक्यता कमी नाही.

‘सून पथ्यपाणी बघेल’ यावर मात्र मला थोडं कडक बोलावं लागेल. चहाची साखर तुमच्या हातानं पडते, बिस्किटाचा पुडा तुमच्या खिशात असतो. जी मुलगी अजून घरात आलेली नाही, तिच्यावर तुमच्या लिव्हरची जबाबदारी टाकणं तिच्यावर अन्याय आहे, आणि उद्या आकडे सुधारले नाहीत तर बोल तिलाच लागेल. लग्न ठरेपर्यंत तुम्ही स्वतः वरण-भाजी करायला शिका. आईलाही आवडेल.

जी गोष्ट दोन्हीकडून साक्षगंधाआधी खरंच तपासायला हवी ती सिकलसेल आहे. तुमची आणि मुलीची, दोघांची सिकलसेल चाचणी झाली आहे का? नसेल तर सरकारी दवाखान्यात करून घ्या. २०२३ पासून देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे आणि आपले जिल्हे त्यात आहेत. दोघंही वाहक निघाले तर लग्न मोडा असं कोणी म्हणणार नाही, पण समुपदेशन घेऊन, सगळं माहीत असताना पुढे जाता येतं. लेकरांची काळजी तुम्हाला आहेच, तर ती योग्य जागी लावा.

आणि तुमच्या बहिणीलाही हा रिपोर्ट दाखवा, असेल तर चुलत भावंडांनाही. बायकांमध्ये पोटाचा घेर ८० सेंटीमीटरच्या वर गेला, पाळी अनियमित असली किंवा बाळंतपणात साखर वाढली होती, तर लिव्हर आणि साखर दोन्ही तपासायला हवेत. त्यांच्यापैकी कोणाला अशी गोळी लिहून मिळाली आणि मूल होऊ द्यायचा विचार असेल, तर गोळी सुरू करण्याआधीच डॉक्टरांना तसं सांगायचं. गरोदरपणात कोणती औषधं चालतात आणि कोणती नाहीत हा वेगळा विषय आहे. डोळे पिवळे होणं, पोटात पाणी होऊन फुगणं, पायाला सूज, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखं काळं शौच, यातलं काहीही कोणाला दिसलं तर सहा महिन्यांची वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं.